अर्जदार हा याचक नव्हे!

मराठी माणूस धंद्यात मागे का पडतो, या विषयावर आपल्याकडे जितकी व्याख्याने झाली तितकी दुकानेही निघाली नसतील! व्याख्यानमालेच्या व्यासपीठापासून गणेशोत्सवाच्या मंडपापर्यंत वक्ते पिढ्यान्‌पिढ्या तरुणांना सांगत आले आहेत की, नोकरीचा मोह सोडा आणि उद्योगाला लागा. श्रोते टाळ्या वाजवितात आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मुलाला स्पर्धा परीक्षेच्या वर्गात नेऊन बसवितात. या विसंगतीचे खापर मराठी स्वभावावर फोडणे सोपे आहे. परंतु स्वभावाला दोष देण्यापूर्वी, जो तरुण हा उपदेश खरा मानून उद्योगाला लागतो त्याच्या वाटेत काय काय येते, हे एकदा नीट पाहावयास हवे. आणि ते मुंबईच्या मंत्रालयातून नव्हे, खेड्यातून पाहावयास हवे. म्हणून आज आम्ही वाचकांना बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूर येथे घेऊन जात आहोत.

अमडापूर हे चिखली तालुक्यातील गाव. भोवतालचा मुलूख कापसाचा आणि सोयाबीनचा. तालुक्याची कचेरी चिखलीस, जिल्ह्याची कचेरी बुलढाण्यास आणि जुनी नामांकित बाजारपेठ खामगावास. समजा, या गावातील एका शिकलेल्या तरुणाने ठरविले की, पुण्याच्या कारखान्यात कंत्राटी मजुरी करण्यापेक्षा गावातच विजेच्या मोटारीवर चालणारा लाकडी घाणा घालावा. करडई, शेंगदाणा, तीळ यांचे तेल काढावे आणि बाटल्यांत भरून विकावे. कल्पना वाईट नाही. शहरातील मध्यमवर्गीय घरांत 'घाण्याचे तेल' आज मोठ्या कौतुकाने आणि चढ्या किमतीने घेतले जाते. कच्चा माल शेजारच्या शेतात, गिऱ्हाईक शहरात आणि मनगट स्वतःचे. यात सरकारने फक्त वाटेतून बाजूला व्हावे, एवढीच त्या तरुणाची अपेक्षा असणार. प्रत्यक्षात त्याची परिक्रमा सुरू होते ती येथूनच.

प्रथम जागा. वीज वितरण कंपनीकडून मोटारीसाठी जोडणी हवी, तर जागा कोणाची याचा पुरावा पाहिजे. ग्रामपंचायतीच्या आकारणी वहीत, म्हणजे नमुना आठमध्ये, घर अजून आजोबांच्या नावावर असते. आजोबा वारून वीस वर्षे झालेली, आणि चुलते तिघे. एक गावात, एक औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, आणि एक सुरतेस. तिघांच्या संमतिपत्रावाचून कागद पुढे सरकत नाही. त्यानंतर पंचायतीचा ना हरकत दाखला. मग अन्नपदार्थ तयार करावयाचा म्हणून अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी. २०११ सालच्या मूळ नियमांनी वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असणाऱ्यांसाठी वर्षाला १०० रुपयांची साधी नोंदणी ठेवली आणि त्यापुढे परवाना. याच अन्नसुरक्षेच्या नियमांनी खाद्यतेल सुटे विकण्यास मनाई केली. म्हणून ते बाटलीत भरावयाचे. बाटलीत भरले की तो 'आवेष्टित माल' झाला, आणि त्याबरोबर वैधमापन खात्याचे नियम लागू झाले. बाटलीवर नाव, पत्ता, निव्वळ वजन, किंमत, दिनांक हे सर्व छापावयाचे आणि माल भरणारा म्हणून ९० दिवसांत त्या खात्याकडे नोंद करावयाची. दुकानातील काट्यावरही त्याच खात्याची मोहोर हवी. बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्याकडून माल घ्यावयाचा तर समितीचा परवाना. वस्तू व सेवा कराची नोंदणी महाराष्ट्रात मालाच्या व्यापाराला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत माफ आहे खरी. पण जिल्ह्याची हद्द ओलांडून मध्य प्रदेशातील बऱ्हाणपुरास चार पेट्या पाठविल्या, की ती माफी संपली. शिवाय प्रदूषण मंडळाचे काय, दुकाने व आस्थापना कायद्याचे काय, बँकेला कोणता कागद लागतो, अनुदानाला कोणता, हे प्रश्न आहेतच.

यातील प्रत्येक नियम स्वतंत्रपणे पाहिला तर तो खुळचट आहे, असे आम्ही म्हणणार नाही. किंबहुना परवान्याच्या विरुद्ध सरसकट आरडाओरड करणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळल्याने जलोदरासारख्या सुजेच्या रोगाची साथ पसरली. सुमारे ६० माणसे मेली आणि हजारो लोक रुग्णालयात गेले. त्यानंतर खाद्यतेल सुटे विकण्यावर कडक निर्बंध आले. तेव्हा तेलाच्या बाटलीवर तेल काढणाऱ्याचे नाव व पत्ता असलाच पाहिजे, ही मागणी नोकरशाहीच्या लहरीतून निघालेली नाही. ती प्रेतांच्या राशीतून निघालेली आहे. खरे वजन, शुद्ध अन्न आणि सुरक्षित वीज यांची हमी मागण्याचा अधिकार ग्राहकाला आहे, आणि ती हमी घेणे हे सरकारचे कर्तव्यच होय.

या बाबतीत वऱ्हाडला तर इतिहासच आहे. कापसाच्या बाजारात शेतकरी वजनात, दलालीत आणि नाना प्रकारच्या वटावात नागवला जात असे. त्याला काही आळा बसावा म्हणून कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा खास कायदा झाला. दलालाने आणि तोलाऱ्याने परवाना घेतल्याशिवाय बाजारात धंदा करू नये, हे तत्त्व या मातीत त्या काळी रुजले. मुंबई प्रांताचा कापूस बाजार कायदा १९२७ मध्ये, म्हणजे तीस वर्षे उशिरा आला. त्या परवान्याचा रोख पाहण्यासारखा आहे. काटा ज्याच्या हाती होता त्याच्यावर तो बंधन घालीत होता. बलवानाला वेसण आणि दुर्बळाला संरक्षण, हा परवान्याचा मूळ धर्म होता. आज अमडापूरच्या तरुणाच्या वाट्याला जो परवाना येतो त्यात हा धर्म किती उरला आहे, हाच खरा प्रश्न आहे.

तो कसा बिघडत गेला, हेही सांगितले पाहिजे. १९५१ च्या उद्योग विकास व नियमन कायद्याने मोठ्या कारखान्यांना केंद्र सरकारचा परवाना आवश्यक केला. हेतू असा की, राष्ट्राची तुटपुंजी साधनसंपत्ती मूठभरांच्या हाती जाऊ नये. पण १९६७ मध्ये डॉ. हजारी यांच्या अहवालाने दाखवून दिले की, बडी घराणीच धडाधड अर्ज करून परवाने अडवून ठेवीत होती, आणि त्यामुळे दुसऱ्याला कारखाना काढता येईनासा होत होता. ज्याला दिल्लीत माणूस ठेवणे परवडते त्याला परवाना मिळतो. ज्याला ते परवडत नाही तो रांगेत उभा राहतो. राजाजींनी 'परमिट-लायसन्स राज्य' म्हणून ज्यावर कोरडे ओढले ते हेच. १९९१ च्या जुलैमध्ये नव्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांवरील केंद्राचा परवाना उठविला. मोठ्यांची बेडी तुटली! परंतु लहानांच्या पायांतील बेडी दिल्लीच्या लोहाराने घडविलेली नव्हतीच. ती ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा, मंडळ आणि महामंडळ अशा शंभर भट्ट्यांतून घडलेली होती. हत्ती मोकळा झाला. मुंगीची वाट मात्र जशीच्या तशी राहिली.

ही वाट कोणी मोजलीही नाही. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या यादीत भारत २०१४ साली १४२ व्या क्रमांकावर होता, तो २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत ६३ वर आला. त्याबद्दल आपण पाठ थोपटून घेतली. पण ती मोजणी दिल्ली आणि मुंबई येथील परिस्थितीवर आधारलेली होती. अमडापूरचे नाव त्या मोजणाऱ्यांच्या कानावरूनही गेले नसेल. पुढे आकडेवारीतील गैरप्रकार उघडकीस आल्यामुळे बँकेने २०२१ मध्ये ती यादीच बंद केली. याउलट पेरू देशातील हेर्नांदो द सोटो या अर्थशास्त्रज्ञाच्या संस्थेने १९८३ मध्ये जे केले ते अनुकरणीय आहे. त्यांनी लिमा शहराच्या कडेला कपडे शिवण्याचा एक छोटा कारखाना कायदेशीर रीतीने नोंदविण्याचा प्रयोग केला आणि दिवस मोजले. ते भरले २८९! दहा वेळा लाच मागितली गेली आणि दोनदा ती दिल्यावाचून प्रयोग पुढे जाईना. गरीब माणूस कायद्याबाहेर धंदा का करतो, याचे उत्तर त्या २८९ दिवसांत होते. आपल्या एखाद्या विद्यापीठाने बुलढाणा जिल्ह्यात असा एक घाणा कागदोपत्री काढून पाहावा आणि दिवस मोजावेत; प्रबंधांच्या ढिगापेक्षा तो आकडा अधिक बोलका ठरेल.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१७ सालच्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानदाराला नोंदणीतून मोकळे करून केवळ सूचना देण्याचे बंधन ठेवले. १ जुलै २०२० पासून लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आणि अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनावर होते. २०२३ मध्ये 'मैत्री' या एक खिडकी व्यवस्थेला कायद्याचे रूप मिळाले. आणि या सर्वांहून महत्त्वाचा असा २०१५ सालचा लोकसेवा हक्क कायदा आपल्या पुस्तकात आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड करण्याची तरतूद त्यात आहे.

मग अडते कोठे? अडते ते असे की, खिडकी एक झाली, पण खिडकीमागील खोल्या पूर्वीइतक्याच राहिल्या. विनामूल्य नोंदणीसाठीही खेड्यातील माणूस मध्यस्थाला पैसे मोजतो, कारण कोणती नोंदणी आपल्याला लागते आणि कोणती लागत नाही, हेच त्याला कोणी सांगत नाही. ज्ञान कचेरीत कोंडले की दलाल दारात उभा राहतो, हा जगाचा नियम आहे. दंडाची तरतूद आहे. पण अर्ज पोहोचल्याची तारखेनिशी पावती हातात नसेल तर मुदत मोजावयाची कोठून? अर्जात आज एक त्रुटी, ती दुरुस्त केल्यावर पंधरवड्याने दुसरी, आणि तीही निस्तरल्यावर तिसरी, अशी त्रुटींची मालिका निघाली तर मुदत दर वेळी नव्याने सुरू होते. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण जनतेने विनोदासाठी रचलेली नाही. त्या सहा महिन्यांत कर्जाचे व्याज चढते, आणलेले यंत्र गंजते, हंगाम निघून जातो आणि घरातील वडीलधारी माणसे म्हणू लागतात, "आम्ही सांगत नव्हतो?" धंदा बुडण्यासाठी तो सुरू व्हावा लागतो, असे नाही. पुष्कळ धंदे सुरू होण्यापूर्वीच बुडतात, आणि त्यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

कागदांची संख्या वाढली की सुरक्षितता वाढते, हा भ्रमही आता सोडला पाहिजे. मुंबईइतके परवाने कोठे लागत असतील? त्या मुंबईत २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जीव गेले. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी वादळात एक प्रचंड जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे मेली. महानगरपालिका ४० फुटांपलीकडे परवानगी देत नव्हती. तो फलक सुमारे १२० फुटांचा होता. पालिकेने सांगितले की आमची परवानगीच नव्हती. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील होती. अधिकारी अनेक झाले की जबाबदारी कोणाचीच राहत नाही. निरीक्षकाचा वेळ करडईच्या घाण्याच्या संमतिपत्रात खर्च झाला, तर जेथे खरोखर आग लागू शकते तेथे पाहावयास तो जाणार केव्हा? लहान धोक्याचा कागद कमी करा, असे आम्ही म्हणतो ते मोठ्या धोक्याकडे पाहणारा डोळा मोकळा व्हावा म्हणूनच.

मराठी उद्योगाच्या इतिहासातील एक प्रसंग येथे आठवण्यासारखा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगावात होता. नगरपालिकेच्या नव्या वसाहतीच्या योजनेमुळे त्यांना ती जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात कुंडलजवळ माळरान दिले, भांडवलालाही हात दिला, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. या कथेचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यातून निघणारा बोध नीट घेतला पाहिजे. राजा गुणग्राहक होता म्हणून कारखाना उभा राहिला. तो तसा नसता तर? राजाने जे मर्जीने दिले ते लोकशाहीने नियमाने द्यावयाचे असते. ज्या प्रजासत्ताकात एखादा चांगला तहसीलदार आला म्हणून तालुक्यातील कामे होतात आणि तो बदलून गेला म्हणून थांबतात, तेथे संस्थानी राज्य कागदोपत्री विलीन झाले, एवढेच म्हणता येईल.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना नवा पैसा फारसा लागत नाही. पहिली अशी की, नेहमीच्या पंचवीस-तीस धंद्यांना कोणते परवाने लागतात, कोणते लागत नाहीत, शुल्क किती, मुदत किती आणि जबाबदार अधिकारी कोण, याचा मराठी तक्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. 'लागत नाहीत' हा रकाना सर्वांत मोठ्या अक्षरांत असावा. दुसरी अशी की, एका सरकारी कचेरीने दिलेला कागद दुसऱ्या सरकारी कचेरीने अर्जदाराकडे मागू नये. तो तिने स्वतः पाहून घ्यावा. तिसरी, त्रुटी काढावयाच्या त्या सर्व एकदाच आणि लेखी काढाव्यात. मागाहून सुचलेल्या त्रुटीसाठी अर्ज अडवू नये. चौथी, अल्प धोक्याच्या धंद्याला स्वतःच्या निवेदनावर सुरुवात करू द्यावी आणि ठरलेल्या दिवसांत तपासणी करावी. खोटे निवेदन आढळल्यास कडक शिक्षा करावी, त्यास आमची हरकत नाही. पाचवी, वारसांच्या नोंदी गावठाणात मोहीम काढून पुऱ्या कराव्यात. कारण आजोबांच्या नावावरचे घर हा हजारो नातवांच्या वाटेतील पहिला धोंडा आहे. आणि सहावी, मुदत उलटताच दंडाची कारवाई आपोआप सुरू व्हावी. तिच्यासाठी पुन्हा एक अर्ज करावयास लावणे, ही थट्टा होय.

शेवटी दोन शब्द आमच्या वाचकांना. कचेरीतील टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस परग्रहावरून आलेला नाही. तो आपल्याच घरातील आहे; आपला मुलगा, आपली सून, आपला शेजारी. त्याने स्पर्धा परीक्षा दिली तेव्हा आपणच पेढे वाटले होते. त्याच्या टेबलावर पडलेल्या कागदाला एक चेहरा आहे, हे त्याला घरातच कोणीतरी सांगितले पाहिजे. टेबलाच्या अलीकडे उभा असलेला तरुण काही मागावयास आलेला नाही. तो घाणा घालणार, दोघा-तिघांना काम देणार, शेतकऱ्याची करडई घेणार, कर भरणार आणि त्याच करातून टेबलापलीकडच्या माणसाचे वेतन निघणार. तेव्हा यात देणारा कोण आणि घेणारा कोण, याचा हिशेब दोघांनीही एकदा नीट मांडावा.

अमडापूरचा तरुण मेहरबानी मागत नाही. कोणता नियम पाळावयाचा ते त्याला स्पष्ट सांगा, तो पाळील. किती दिवस थांबावयाचे ते सांगा, तो थांबेल. त्या दिवसांनंतर मात्र थांबण्याची पाळी त्याची नसावी. अर्जदार हा याचक नव्हे, तो या प्रजासत्ताकाचा मालक आहे. आणि मालकाला स्वतःच्याच घराच्या उंबरठ्यावर तिष्ठत ठेवणारे घर फार काळ भरभराटीस येत नसते.